क्षीरा नदीच्या नावेचा मक्ता

पूर्वी क्षीरा नदीकाठच्या शोणपुरीत सुबाहू राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व अमात्याच्या कुळात जन्मला होता. लोक त्याला सुमित्र म्हणत. नदीवरचे घाट, नावा आणि उतारूंकडून घ्यायचे भाडे यांवर राजाच्या वतीने देखरेख ठेवणे हे त्याचे काम होते.

नाव चालवण्याचा मक्ता गोमिक नावाच्या श्रेष्ठीकडे होता. मक्त्यापोटी तो राजाला भरघोस रक्कम देई आणि ती उतारूंकडून वसूल करी. भाडे त्याच्या मनाला येईल तसे वाढे आणि गच्च भरल्याशिवाय नाव काठ सोडत नसे.

त्याच नगरात भद्रिला नावाची सुईण राहत होती. पलीकडच्या गावात कोणी बाळंतीण अडली की तिलाच बोलावणे येई. एका सकाळी असेच बोलावणे आले. ती धावतपळत घाटावर पोचली, तर नाव अर्धी रिकामी आणि नावाडी वल्ही टाकून बसलेले.

"बाबांनो, बाई अडलीय. चला ना लवकर," ती म्हणाली.

"नाव भरू दे, माई. नाहीतर रिकाम्या जागांचं भाडं तू दे. मालकांचा तसा हुकूम आहे."

एवढे पैसे भद्रिलाजवळ कुठले? तिने पदर खोचला आणि सरळ पाण्यात पाय घातला. मधल्या धारेत तिचा पाय सुटला. एका कोळ्याने दोर फेकून तिला पलीकडच्या काठावर ओढले म्हणून ती वाचली. पण ती पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. मूल हाती लागले, त्याची आई गेली. त्या रडणाऱ्या जिवाला उराशी धरून भद्रिलाही रडली.

ही हकिकत कानी पडताच सुमित्र घाटावर आला. नावेच्या तळाच्या फळ्या त्याने उचलायला लावल्या. खाली लाकूड कुजले होते आणि भोकांत चिंध्या कोंबलेल्या होत्या.

"ही नाव आजपासून पाण्यात जाणार नाही," तो म्हणाला.

गोमिकाने त्याला बाजूला घेतले आणि मोत्यांचा हार पुढे केला. सुमित्राने त्याकडे पाहिलेही नाही.

भद्रिलाला मात्र या निर्णयाचा आनंद झाला नाही. ती तडक पुढे आली. "नाव वाईट होती, पण होती तरी! आता पलीकडे आणखी कोणी अडली, तर मी काय करू?"

 सुमित्र म्हणाला, "तुझं खरं आहे, माई. नाव बंद केली म्हणजे माझं काम संपलं असं नाही."

त्याने आपली जलविहाराची नाव घाटावर आणवली, उत्तरीय कमरेला बांधले आणि वल्हे हाती घेतले. नव्या नावेसाठी आपल्याच बागेतले जुने साग त्याने तोडून दिले. ती तयार होईपर्यंत तो रोज उतारू पोचवत राहिला. त्याच्या तळहातांना फोड आले तेव्हा भद्रिलाने पाला वाटून लावला आणि फडके बांधून दिले.

गोमिकाने राजाकडे तक्रार केली, तसा राजा घाटावर आला.

"अमात्य, हे तुझं काम आहे का?"

"महाराज, नदी ओलांडायला लोकांना दुसरी वाट नाही. ज्याला दुसरी वाट नाही, त्याच्याकडून वाटेल ते मागता येतं. म्हणून तिथे राजाची नजर हवी."

"आणि कोशात घट आली तर?"

"जे कोशात येणार नाही, ते घराघरांत राहील. ती घरंही महाराजांचीच आहेत."

 काठावर उभ्या असलेल्या भद्रिलाकडे वळून राजाने विचारले, "तुला काय हवं, बाई?"

"बोलावणं आलं की नाव सुटावी. एवढंच."

राजाने दवंडी पिटवली. भाडे यापुढे राजाज्ञेनेच ठरेल, नावेची तपासणी होईल आणि सुईण, आजारी किंवा गरोदर बाई आली तर नाव भरण्याची वाट न पाहता लगेच सुटेल. गोमिकाला तो हद्दपार करणार होता, पण सुमित्र म्हणाला, "त्याला नदी ठाऊक आहे आणि त्याच्या नावाड्यांना पोरंबाळं आहेत. मक्ता राहू द्या, आपल्या अटींवर."

 गोमिकाने मान खाली घातली.

पुढे एकदा पलीकडून बोलावणे आले. नव्या नावेत भद्रिला एकटीच होती. काठावर गोमिक उभा होता. "सोडा नाव," तो म्हणाला. मेलेल्या त्या बाईला भद्रिला विसरली नव्हती. तरी तिने हात जोडले. नावाड्यांना, घाटाला आणि त्यालाही. त्या दिवशी आई आणि मूल दोघेही सुखरूप राहिले.

ही कथा सांगून भगवान शास्ता विहारातल्या सभेला म्हणाले, "तेव्हाची भद्रिला म्हणजे आज आजाऱ्यांची सेवा करणारी ही भिक्षुणी सुव्रता. सुबाहू राजा म्हणजे या विहाराला जागा देणारा उपासक शंखपाणी. गोमिक म्हणजे नवख्यांना हाताला धरून चालवणारा हा भिक्षू नंदिल. आणि अमात्य सुमित्र मीच होतो."

नंदिलाने उठून सुव्रतेला वंदन केले. शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, अडलेल्याला पार नेते आणि अडवणाऱ्यालाही काठावर टाकून जात नाही, ती करुणा."