साठ गळ्यांचा होकार

बावखेडच्या जहागीरदारांच्या दरबारात माणसं श्वाससुद्धा एकदम घेत. जहागीरदार खोकले की साठ गळे खोकत, आणि त्यांनी काहीही विचारलं तरी साठ गळ्यांतून एकच उत्तर येई, "होय, सरकार!" तंबोरे घडवणारा दस्तगीर नवा तंबोरा पोचवायला आला, तेव्हा त्यानेही ते ऐकलं.

जहागीरदार मिशीवर हात फिरवत म्हणाले, "सूर जुळवणं हा तुझा धंदा. मग सांग, माझ्या दरबारात जे आहे त्याला काय म्हणायचं? एकोपा, सलोखा की सुसंवाद? शब्द चुकला, तर बोटं छाटीन."

साठ माना एकाच वेळी दस्तगीरकडे वळल्या. त्याने तंबोऱ्याची एक तार छेडली, मग दुसरी.

"सरकार, एकटी तार कितीही गोड वाजली तरी ती जुळली असं आम्ही म्हणत नाही. जुळायला दुसरी लागते. तुमच्या तिन्ही शब्दांनाही निदान दोन माणसं लागतात. इथे मला तुम्ही एकटेच दिसता."

जहागीरदार ताडकन उठले आणि भरल्या दरबाराकडे वळून गरजले, "एवढी माणसं बसलीत, आणि मी एकटा?"

साठ गळ्यांतून एकच आवाज आला, "होय, सरकार!"