मुफलीहचं गळकं टाकं

कुणाच्या आज्याच्या आज्यालाही नक्की सांगता येणार नाही, इतक्या जुन्या काळातली ही गोष्ट. दूर पॅलेस्टाईनच्या डोंगरांत रास-शुमर नावाचं एक गाव होतं. उघड्या खडकाच्या माथ्यावर बसलेलं. खडकाच्या भेगांतून रानबडीशेप उगवायची, तेवढाच त्या गावाचा थाट. बाकी जे काही चांगलं, ते आसपासच्या गावांना मिळालेलं. उगवतीकडच्या बल्लूता गावात ओकचं एक झाड होतं, त्याच्या सावलीत अख्खी वरात मावायची. मावळतीच्या टेकडीवर शेख रय्यानचा पांढरा घुमट, तिथे लोक नवस फेडायला यायचे. पलीकडे खान-अत-तीनला बाजार भरायचा. आणि खाली दरीत, ऐन-हजल गावात, बारमाही झरा होता.

रास-शुमरला मुफलीह नावाचा माणूस राहायचा. संध्याकाळी तो घराच्या धाब्यावर बसायचा आणि एकेका गावाकडे बघून जळायचा. ओक बघून जळायचा, घुमट बघून जळायचा. पण सगळ्यात जास्त जळायचा तो झरा बघून, कारण त्याची बायको रस्मिया त्या ऐन-हजलची लेक होती.

रस्मिया गुणाची होती. कामाला वाघीण, हसायला मोकळी. पण रोज पाण्याला उतरली, की तिची पावलं जाताना भराभर पडायची आणि येताना रेंगाळायची. मुफलीहला वरून सगळं दिसायचं. त्यातून ऐन-हजलची रीत अशी, की आधी त्यांच्या बाया भरणार, मग वरच्या गावच्या. म्हणजे रस्मियाला आपल्याच माहेरी, आपल्याच बहिणींच्या मागे ताटकळावं लागायचं. तरी ती घरी येऊन, पाण्याचा घोट घेऊन म्हणायची, "आमच्या झऱ्याचं पाणी वर आणलं की कोमेजतं बाई!"

"आमच्या!" मुफलीह मनात म्हणायचा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी हिचं 'आमचं' म्हणजे ते खालचंच. माझ्या गावातलं काही एक तरी हिनं आपलं म्हणावं. त्याला दुसरं काही नको होतं.

एक दिवस त्यानं छिन्नी-हातोडा घेतला आणि घराशेजारच्या खडकात टाकं खोदायला घेतलं. पावसाचं पाणी साठवायचं आणि ते झऱ्याहून गोड निघालं पाहिजे, असा त्याचा पण.

असं म्हणतात, की त्याच्या मनात एवढी धग होती, की त्या खडकावर दंव टिकत नसे. छिन्नीच्या ठिणग्या समुद्रातल्या खलाशांना दिसायच्या आणि ते त्यांना तारा समजून गलबतं वळवायचे, असंही म्हणतात.

येणारे-जाणारे चेष्टा करायचे. "काय मुफलीह, अजून थोडा खाली गेलास तर सासऱ्याच्या चुलीपाशी निघशील की!"

"तुझ्या तोंडात दगड पडो," मुफलीह आतून ओरडायचा.

टाकं झालं. विहिरीसारखं खोल. आता राहिलं लिंपण. तिकडचा खडक भेगाळ, त्यामुळे टाक्याला आतून चुना, राख आणि कुटलेल्या खापरांचा गिलावा करावाच लागतो. हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण सगळ्या मुलखात गिलाव्याचा कसबी एकच होता, हमदान. तो ऐन-हजलचा आणि रस्मियाचा बाप.

"बाबांना बोलावू?" रस्मियानं विचारलं.

"काही गरज नाही. माझ्या गावचा खडक असाच पाणी धरेल."

तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. त्या साली असा पडला, की टाकं काठोकाठ भरलं. मुफलीहनं सगळ्या गावाला बोलावून दाखवलं. सकाळी उठून बघतो तर तळाशी नुसता चिखल! पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं. मुफलीह काठावर डोकं धरून बसला.

आणि खाली? खाली झरा असा फुगला, की पायऱ्या बुडाल्या, अंजिराच्या बागांतून पाट वाहू लागले. रस्मिया घडा भरून वर आली आणि तिनं तो त्याच्या नाकाशी धरला. पाण्याला बडीशेपेचा वास येत होता. बडीशेप तर रास-शुमरशिवाय कुठे उगवतच नव्हती. मुफलीहनं छाती फोडून खोदलेल्या टाक्यातलं सगळं पाणी डोंगराच्या पोटातून सासुरवाडीला पोचलं होतं!

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात हमदान काठी टेकत वर आला. पाठीवर चुन्याची गोणी, कमरेला थापी.

"पोरा," तो म्हणाला, "आमच्या गावानं मला सांगून पाठवलंय, की जावयाला म्हणावं, टाकं लिंपू नको. पण मी चुना घेऊन आलोय. टाकं तुझं. तू म्हणशील तसं."

"लिंपा, काका," मुफलीह म्हणाला. तिकडे सासऱ्याला काकाच म्हणतात. "आजच लिंपा. एक थेंब खाली जाता कामा नये."

रस्मिया उठली. चाळणी आणली आणि राख चाळायला बसली. एकदाही तिनं दरीकडे वळून बघितलं नाही. मुफलीह बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिला.

"रस्मिया, तुझ्या माहेरचं पाणी ओसरेल."

"ओसरेल. टाकं तर भरेल आपलं. वाऱ्याकडे पाठ कर बघू, राख उडतेय."

मुफलीह वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याच्या आतली जुनी आग त्या राखेबरोबर उडून गेली, असं म्हणतात. खडकाला हात लावावा तर गार.

"काका," तो म्हणाला, "राहू दे गळकं. पण आमच्या बाया तुमच्या बायांच्या मागे उभ्या राहणार नाहीत. जी आधी येईल, ती आधी भरेल."

हमदाननं थापी कमरेला खोचली आणि जावयाच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

मुफलीह गेला, रस्मिया गेली. टाकं आहे. आजही हिवाळी पावसाच्या तोंडावर दोन्ही गावची माणसं जमून त्याच्या तळाचा गाळ काढतात. मग ऐन-हजलचा एक म्हातारा चुना कालवतो, थापी उचलतो आणि काठावरून विचारतो, "मुफलीह, लिंपू का?"

"नको!" असं सगळी माणसं एका आवाजात ओरडतात. लहान पोरांना तर ती गंमत वर्षभर पुरते.

कालवलेला चुना वाया घालवत नाहीत. त्या साली रास-शुमरला परगावाहून जी सून आली असेल, तिच्या दाराची चौकट त्या चुन्यानं रंगवतात. आणि पहिला हात सासू फिरवत नाही की नवरा फिरवत नाही. तो त्या सुनेला फिरवू देतात.