पाषाणकुमार आणि माळावरची चंडोलीण

एका राज्यात, जिथे नद्या थोड्या आणि माळ उदंड, तिथे अरिंजय नावाचा राजपुत्र होता. दिसायला देखणा, पण भारी उतावळा. शिकारीच्या नादात त्याने ऐन विणीच्या दिवसांत चंडोलांच्या माळावर घोडा घातला. अंडी फुटली, पिल्ले चिरडली. त्या माळाचा राखणदार होता मांत्रिक काळभंज. तो म्हणाला, "पाषाण हो! तुझ्या पायाशी चंडोलाची पिल्ले वाढून उडतील, तेव्हाच सुटशील." राजपुत्र जागच्या जागी दगड झाला.

त्याची आई राणी वज्रावती. आईच ती! लेकाला ऊन लागू नये म्हणून तिने त्याच्याभोवती झाडे लावली. झाडांना कीड लागली, तर विष शिंपवले. सावलीला गुरे येऊन बसू लागली. करायला गेली काय अन् उलटे झाले पाय! राई दाटली, राणीचे केस पिकले, आणि चंडोल एकेक करून नाहीसे झाले.

शेवटी एकच जोडी उरली. त्यातली चंडोलीण राणीपुढे उतरली आणि मनुष्यवाणीने बोलली.

"महाराणी, तीन कामे कर. गुरे हटव, त्यांच्या खुरांखाली अंडी टिकत नाहीत. विष थांबव, माझी पिल्ले टोळांवर वाढतात. आणि ही राई जाळ."

"राई कशाला? झाडावर घरटे बांध."

"आमचे घरटे जमिनीवर, गवताच्या झुपक्याआड. झाडावर कावळा बसतो, तो अंडी हेरतो. नुसती तोडलीस तर राई पुन्हा फुटेल."

"त्या राईत माझा लेक उभा आहे."

"माझी लेकरे तर जन्मलीच नाहीत."

राणी त्या दिवशी जेवली नाही. पहिली दोन कामे हुकमाने झाली. तिसऱ्याला एकही सैनिक पुढे होईना, तेव्हा चूड तिनेच लावली. जाळात दगड तडकला. राजपुत्राचा उजवा हात खांद्यापासून निखळून राखेत पडला, आणि राणीने हंबरडा फोडला.

पावसाने राख भिजली, गवत गुडघाभर आले. ते पाहून दूरदेशी गेलेले चंडोलही परतले. पाषाणाच्या टाचेशी चंडोलिणीने चार अंडी घातली. दोन सापाने गिळली. राणी माळाच्या कडेला बसून पाहत राहिली. जवळ यायला चंडोलिणीने तिला मनाई केली होती. उरलेल्या दोन अंड्यांतून पिल्ले निघाली, वाढली आणि एका सकाळी उडाली. त्यांचा बाप आभाळात चढून गात सुटला, आणि दगडाने श्वास घेतला.

"आईसाहेब, माझा हात?"

"मी जाळला," राणी म्हणाली. "आता हळू ये. गवतात अजून घरटी आहेत. खाली बघून पाय टाक."

हाकेच्या अंतरावर आई उभी होती, पण तिच्यापाशी पोहोचायला राजपुत्राला संध्याकाळ झाली. पुढे तो राजा झाला, आणि त्याच्या राज्यात विणीच्या दिवसांत माळावर घोडा कधी गेला नाही.