निर्मळ सांगाडा

आधी श्रीहरीला वंदन.

एके काळी सायकलींच्या दुकानात कार्बन फायबरचा एक सांगाडा दिमाखात उभा होता. त्याच्यात सीटचा ॲल्युमिनियमचा दांडा बसवताना मिस्त्री अंबादासने बोटावर गंज रोखणारा लेप घेतला, तोच सांगाडा गरजला, “तो चिखल दूर ठेवा! मला कधी गंज चढत नाही.”

दांडा काकुळतीने म्हणाला, “दादा, तुम्हाला नाही चढत, पण तुमच्या अंगाला लागून मला चढतो. मध्ये लेप असू द्या.”

“मग दोष तुझ्या धातूचा!”

भिडेपोटी अंबादासने लेप पुसून टाकला. पुढे पावसाचे पाणी झिरपले आणि गंजाने फुगलेला दांडा आत घट्ट रुतला. सीट खाली घेण्यासाठी अंबादासने तो पिळला, ठोकला, तेव्हा सांगाडाच तडकला.

गंज मात्र त्याला तेव्हाही चढला नव्हता.

श्रोतेहो, अशा निर्मळांच्या शेजारापासून देव तुम्हा सर्वांना आणि तुमच्या घरादाराला सुखरूप ठेवो.