पाठीवरची साळुंकी

एका जंगलात एक हरणी राहत असे, आणि कळपात तिची ओळख एकच होती : संशयी. पाणवठ्यावर सगळे माना खाली घालून पाणी पीत, तेव्हा हिची मान आपली वर. पान हललं की हिचे कान टवकारलेले. "हिला स्वतःच्या सावलीचीही भीती वाटते," असं बाकीचे तिच्या पाठीमागे म्हणत, आणि कधीकधी तोंडावरही म्हणत. ती ऐकून घेई. कारण मुलांनो, तिचं पहिलं पाडस कोल्ह्याने नेलं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाकीच्यांना त्याची थट्टा सुचते.

यंदा तिला पुन्हा पाडस झालं. हरणांची एक रीत आहे. नवं पाडस कळपात मिरवायचं नसतं. उंच गवतात त्याला निजवायचं आणि आईने लांब जाऊन चरायचं. पाडसाच्या अंगाला अजून वास नसतो, त्यामुळे कोल्हा अगदी जवळून गेला तरी त्याला पत्ता लागत नाही. आईच्या अंगाला मात्र वास असतो. म्हणून ती पाजायला जाते तेव्हाही सरळ जात नाही. वळसे घेत, थांबत, उगाच एखादं झुडूप हुंगत, जणू त्या गवताशी आपलं काही देणंघेणंच नाही अशी जाते. आपला जीव गवतात ठेवून भलतीकडे बघत चरणं सोपं नाही, पण आईला ते जमवावंच लागतं.

त्याच सुमाराला जंगलात साळुंक्यांचा थवा आला. त्यातली एक चुणचुणीत साळुंकी कळपाच्या म्होरक्याच्या पाठीवर जाऊन बसली आणि म्हणाली, "तुमच्या अंगावरच्या गोचिडी आम्ही वेचू. शिवाय दिवसभर पाठीवर बसून तुमच्या प्रकृतीकडे लक्ष ठेवू. धाप किती लागली, पाणी कधी प्यावं, कोणता पाय दुखावलाय, सगळं वेळच्या वेळी सांगू. मोबदला काही नको. गोचिडी आम्हाला गोड लागतात."

फुकट ते पौष्टिक. चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक पाठीवर एकेक साळुंकी दिसू लागली.

आणि खोटं कशाला बोला, फायदा झालाच. म्होरक्याच्या खुरात काटा रुतला होता, ते तो लंगडू लागण्याआधीच साळुंकीने सांगितलं. अंगाची खाज गेली, कातडी तुकतुकीत झाली. तरण्या नरांना तर वेडच लागलं. "आज मी किती धावलो?" असं ते विचारत. "कालच्यापेक्षा थोडं कमी," असं उत्तर आलं की बिचारे पुन्हा माळाला एक फेरी मारून येत. मागे वाघ नाही, बिबट्या नाही, नुसती पाठीवरची साळुंकी खूश व्हावी म्हणून धावायचं. एक हरणी तर साळुंकीने "तुला तहान लागलीय" म्हटल्याशिवाय पाण्याला तोंड लावेना.

कळपात एक कोवळी हरणी होती. तिचं हे पहिलंच पाडस. काय खावं, किती वेळा पाजावं, काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिला आपल्या साळुंकीचा फार आधार वाटे. ती आपल्या संशयी हरणीला म्हणे, "ताई, तूही एक घे ना. मला तर आई मिळाल्यासारखं वाटतं."

"बघू," असं म्हणून हरणी टाळायची. पण बाळंतपणात तिच्या कानामागे गोचिडींचा घोसच झाला. मान झाडून झाडून ती थकली, तेव्हा एका साळुंकीला तिने जवळ बोलावलं आणि दोन प्रश्न विचारले.

"माझ्याकडून काय घेशील?"

"काही नाही."

"माझ्याशी खोटं बोलशील?"

"कधीच नाही."

दोन्ही उत्तरं खरी होती. हरणीने पाठ पुढे केली.

साळुंकी खरोखरच गुणाची निघाली. कान स्वच्छ झाले. दूध कमी येतंय असं हरणीने म्हणताच ती म्हणाली, "ओढ्याकाठच्या वेलीचा कोवळा पाला खा." हरणीने खाल्ला आणि दूध वाढलं.

"तुला हे कसं कळलं?" हरणीने विचारलं.

"मला एकटीला कुठलं कळायला? संध्याकाळी आम्ही सगळ्या मोठ्या वडावर जमतो. दिवसभरात ज्या पाठीवर जे कळलं, ते जिची ती सांगते. कोण काय खाऊन बरं झालं, कोण कशाने आजारी पडलं. एकीचं ज्ञान सगळ्यांचं होतं."

वडावर संध्याकाळी एवढा कलकलाट चाले, की तो साऱ्या जंगलाला ऐकू यायचा. हरणीला वाटलं, चांगलंच आहे की. शहाणपण वाटल्याने वाढतं. इतकी संशयी म्हणून नावाजलेली, पण तिनेही पुढे काही विचारलं नाही. पोटात पाला होता, अंगाला खाज नव्हती, पाडस दोन्ही वेळा पोटभर पीत होतं. सुखात असताना प्रश्न सुचत नाहीत.

मग एका सकाळी कोवळ्या हरणीचा हंबरडा ऐकू आला. तिचं पाडस जागेवर नव्हतं. दबलेल्या गवतात थोडे केस आणि रक्त, एवढंच उरलं होतं.

कळप भोवती जमला. "नशीब बाईचं," म्होरक्या म्हणाला. "कोल्ह्याला वास लागला असेल," आणखी कुणी म्हणालं. कोवळी हरणी दबलेल्या गवतात तोंड खुपसून उभी होती, तिला काही ऐकू येत नव्हतं. आपली हरणी तिच्याशेजारी उभी राहिली. तिला स्वतःचं पहिलं पाडस आठवलं.

पण सवय ती सवय. तिची नजर गवतावर गेली. कोल्ह्याची वाट गवतात स्पष्ट दिसत होती, आणि ती सरळ होती. शोधणारा वळसे घेतो, मागे फिरतो, इकडेतिकडे हुंगतो. हा तर ओढ्याकडून निघून थेट पाडसापाशी आला होता. पाडसाला वास नाही, मग याला जागा कुणी सांगितली?

ती बाजूला गेली आणि पाठीवरच्या साळुंकीला म्हणाली, "तिच्या पाडसाची जागा वडावर कुणी सांगितली का?"

"छे," साळुंकी दुखावल्यासारखी बोलली. "पाडसं ही तुमची खाजगी गोष्ट. त्याबद्दल आम्ही चकार शब्द काढत नाही."

"मग तिच्याबद्दल काय सांगितलं?"

"तिच्या प्रकृतीचं. ती पोर दिवसभर घाबरलेली असते, छाती सारखी धडधडते. पण ऐनाच्या झाडाखालच्या गवतात गेली की तिची छाती एकदम शांत होते. ते आमच्या पायांना कळतं. तिथला वारा चांगला असेल, असं आमचं मत पडलं."

हरणीने वडाकडे मान वळवली. "वडाखाली कुणी बसलेलं असतं का?"

"कोल्होबा असतात. फार सभ्य. मध्ये बोलत नाहीत, कुणाला त्रास देत नाहीत. शांत ऐकतात आणि जातात."

हरणीला विचारायचं नव्हतं, पण विचारणं भाग होतं. "आणि माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

"तुझी तब्येत सुधारतेय म्हणून सांगितलं, कालच. तू कितीही वळसे घेतलेस, तरी ओढ्यापलीकडच्या बोरीजवळ पोचलीस की तुझी छातीही शांत होते. सगळ्यांना बरं वाटलं ऐकून."

त्या क्षणी हरणीची छाती कशी धडधडली असेल, ते त्या साळुंकीलाच ठाऊक.

"उतर," हरणी म्हणाली.

"माझं काही चुकलं का? मी एक अक्षर खोटं बोलले नाही."

"नाही बोललीस. म्हणूनच म्हणते, उतर. जे तुला कळणारच नाही, ते तू सांगणार नाहीस."

साळुंकी उतरली. हरणी ओढा ओलांडून बोरीजवळ गेली. पाडस तिथेच होतं, कान पाडून निजलेलं. तिने त्याला उठवलं आणि आपल्यामागे चालवत चालवत दूर वेगळ्याच गवतात नेऊन निजवलं. ते कुठलं गवत, हे मी तुम्हालाही सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिने म्होरक्याला आणि आणखी चारपाच जणांना टेकाडावर नेलं. "बोलू नका, नुसतं बघा," ती म्हणाली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा कोल्हा ओढ्यापाशी आला. त्याने एकदाही नाक खाली लावलं नाही. आपल्याच घरी चालल्यासारखा तो सरळ बोरीजवळ गेला, रिकाम्या गवतात पाहिलं, थोडा वेळ थांबला आणि आल्या वाटेने परत फिरला.

म्होरक्याची मान खाली गेली. त्याने लगेच कळप बोलावला आणि हरणीने सगळी हकीकत सांगितली. आता सगळे हादरतील असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"एका घटनेवरून एवढं कशाला?" एक तरणा नर म्हणाला. "साळुंक्या गेल्या तर आम्ही किती धावलो ते कसं कळणार?"

दुसरा म्हणाला, "माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे? माझी शिंगं तर सगळ्यांना दिसतात."

"तुझी शिंगं गवतात निजत नाहीत, म्हणून तुला असं वाटतं," हरणीने त्याला ऐकवलं.

एक म्हातारी हरणी होती, तिला सगळे आत्या म्हणत. ती म्हणाली, "हाकला सगळ्यांना. आमच्या वेळी खाज सुटली की झाडाला पाठ घासायचो." पण हे बोलतानाही तिची साळुंकी तिच्या कानातली गोचीड काढत होती, आणि आत्याचे डोळे सुखाने मिटले होते.

म्होरक्याने तोडगा म्हणून विचारलं, "तुमच्या पाठीवरचं वडावर सांगू नये, असं किती जणांना वाटतं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. "आणि दुसऱ्याच्या पाठीवरचं आपल्याला कळावं, असं किती जणांना वाटतं?" तेव्हाही सगळ्यांनी माना डोलावल्या. आपलं झाकून ठेवायचं आणि दुसऱ्याचं वाकून बघायचं, ही खोड काही माणसांनाच असते असं नाही. एकच गलका सुरू झाला.

कोवळी हरणी इतका वेळ कडेला उभी होती. ती पुढे आली तसा गलका थांबला.

"माझी साळुंकी चांगली होती," ती म्हणाली. "माझी पाण्याची वेळ तिने कधी चुकवली नाही. मी रडले की माझ्याजवळ थांबायची. आणि ती कधीच खोटं बोलली नाही." ती कळपाकडे वळली. "माझ्याशी नाही, आणि कोल्ह्याशीही नाही."

त्यानंतर कुणी शिंगांबद्दल बोललं नाही.

साळुंक्यांना कळपाने हाकललं नाही. त्यांचा दोष असला तर एवढाच होता, की कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी विचार केला नव्हता. पण त्या दिवसापासून रीत बदलली. गोचिडी वेचाव्यात, काटा दिसला तर सांगावा. मात्र उंच गवताची कड आली की पाठीवरून उतरायचं. आणि वडावर जाण्याआधी, आज काय सांगणार ते ज्याची पाठ त्याला विचारायचं. काही साळुंक्यांना हे जाचक वाटलं. "इतक्या अटी असतील तर आम्ही रानगव्यांकडे जातो," म्हणत त्या उडून गेल्या. त्यांच्याबरोबर दोघा तरण्या नरांनीही थोडा रुसवा धरला, पण उरलेल्या साळुंक्या गोचिडी वेचतच होत्या, चार दिवस अंग खाजलं नाही तसा तोही गेला. राहिलेल्या साळुंक्यांनी अटी मानल्या.

पुढच्या खेपेला कोवळ्या हरणीला पुन्हा पाडस झालं. रोज दुपारी तिची साळुंकी गवताच्या कडेशी उतरे, आणि हरणी वळसे घेत एकटीच आत जाई. एका संध्याकाळी वडावर कलकलाट चालू होता. खाली कोल्हा नेहमीसारखा सभ्यपणे बसला होता. एका साळुंकीने विचारलं, "ती पोर हल्ली कुठे शांत होते गं?"

"मला ठाऊक नाही," तिची साळुंकी म्हणाली.

त्या वडावर हे शब्द आधी कुणी उच्चारले नव्हते. कोल्ह्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग तो उठला आणि उपाशीपोटी निघून गेला.

तात्पर्य : आपली काळजी घेणारा आपल्याशी खरं बोलतो का, एवढंच पाहून भागत नाही, आपलं खरं तो आणखी कुणाला सांगतो, हे त्याला पाठीवर बसवण्याआधीच विचारावं.