घंटेतला बोळा

एकदा एका उजाड माळाच्या कडेला एक वृद्ध मेंढपाळ राहत असे. मेंढरांच्या विद्येत त्याच्या तोडीचा माणूस पंचक्रोशीत नव्हता, म्हणून त्याच्या बहिणीने आपला थोरला मुलगा मायाप्पा त्याच्या हाताखाली शिकायला ठेवला. मायाप्पा चांगला मिशीवाला गडी होता. कामाला वाघ, पण स्वभावाने अंमळ उतावळा.

मामाच्या सगळ्या रीती त्याला पटल्या, एक सोडून. कळपाच्या पुढे चालणाऱ्या एडक्याच्या गळ्यात पितळी घंटा होती आणि तिच्या आवाजामागे शंभर मेंढरं मुकाट चालत. पण माळ ओलांडायची वेळ आली की म्हातारा काळ्या लोकरीचा बोळा करून त्या घंटेत कोंबायचा. माळापलीकडचा ओढा आला की मगच बोळा निघायचा. कारण विचारलं तर सांगायचा, इथे माळढोक असतो. त्याची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते, आणि जरा खुट्ट झालं तरी जागा सोडून जाते. म्हाताऱ्याच्या आज्यापासून ही रीत चालत आलेली. आता पंचाईत अशी, की म्हाताऱ्याने स्वतः तो पक्षी शेवटचा पाहिला त्याला सात वर्षं होऊन गेली होती.

जगभरच्या जाणत्या लोकांच्या याद्यांत अशी कितीतरी पाखरं आहेत, कुणी दूरच्या बेटावरची, कुणी घनदाट अरण्यातली, ज्यांच्या नावापुढे ‘बहुधा नामशेष’ एवढंच लिहून ठेवलेलं असतं. मायाप्पाला असल्या ‘बहुधा’ची सवय नव्हती. त्याच्या लेखी पक्षी एक तर होता, नाहीतर नव्हता.

पुढे म्हाताऱ्याचे गुडघे गेले आणि कळप एकट्या मायाप्पाकडे आला. सकाळी मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी मामा आपल्या हाताने घंटेत बोळा घाली आणि मायाप्पा निघे. पण मुकी घंटा म्हणजे डोक्याला ताप. मेंढरं चहूकडे पांगायची आणि त्यांच्यामागे धावून धावून बिचाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा. चार दिवस त्याने सोसलं. पाचव्या दिवशी, मामाची नजर आणि कान पोचत नाहीत अशा एका बाभळीपाशी आल्यावर, त्याने बोळा उपसला आणि काट्यांत भिरकावून दिला. घंटा खणखणली, कळप सरळ झाला. पाखरूच नाही तर हे सोवळं कुणासाठी, असं त्याने स्वतःला समजावलं आणि पुढची तीन वर्षं रोज हेच केलं.

मग एक व्यापारी आला. त्याला तो माळ नांगरून डाळिंबाची बाग करायची होती. गावाची ना नव्हती, पण जुनी माणसं त्या पक्ष्यापाशी अडली. वाडवडिलांनी राखलेली जागा, तो अजून असला तर काय, असं म्हणू लागली. असला-नसला हे सांगणार कोण? तर रोज माळ तुडवणारा मायाप्पा. येत्या गावसभेत त्याचा शब्द शेवटचा मानायचा, असं ठरलं.

व्यापारी माणूस सभ्य होता. त्याने खोटं बोलायला मुळीच सांगितलं नाही. मायाप्पाबरोबर चहा प्यायला, जे पाहिलंस तेवढंच सांग म्हणाला, आणि बाग झाली तर मेंढरांसाठी पाण्याची टाकी बांधून द्यायचं कबूल केलं. मायाप्पाने मोठ्या उत्साहाने हे मामाच्या कानावर घातलं. तीन वर्षांत एक पीससुद्धा दिसलं नाही, हे खरंच होतं की!

सभेच्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याने मेंढरं वाड्यातच ठेवायला लावली, आपली घोडी मागवली, कण्हत कण्हत तिच्यावर बसला आणि एकटाच माळाकडे गेला. मायाप्पाला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. उन्हं कलल्यावर तो परतला तेव्हा त्याचे हात काट्यांनी ओरबाडलेले होते आणि खांद्यावर घोंगडीची गाठोडी होती. एखादं पीस, एखादं टरफल सापडलं की काय, म्हणून मायाप्पा पुढे झाला.

म्हाताऱ्याने घोंगडी उलगडली. आत लोकरीचे बोळे होते, तीस-चाळीस तरी. काही काळे, काही उन्हाने तांबूस पडलेले. मायाप्पाची मान खाली गेली.

“सगळे नाही मिळाले,” म्हातारा शांतपणे म्हणाला. “बाकीचे पाखरांनी घरट्यांना नेले असतील. रोज नवा बोळा का लागतो, ते बघायला गेलो होतो. तुला माळढोक दिसला नाही, हे खरं आहे लेकरा. पण तू घंटा वाजवत गेलास आणि वाटेत कुणी भेटलं नाही म्हणतोस. जे फार थोडं उरलेलं असतं ते लपून जगतं. ते बघायचं तर आपण आधी गप्प व्हावं लागतं. नसेलही तो आता, मलाही ठाऊक नाही. पण नाही म्हणून एकदा सांगितलंस की उद्या त्याला जपणार कोण? असला, तरी तो त्या शब्दाने जाईल.”

मायाप्पाला रडू आवरेना. म्हाताऱ्याने त्याला रडू दिलं, आणि सभेत काय सांगायचं ते मात्र सांगितलं नाही.

संध्याकाळी सभा भरली. मायाप्पा उभा राहिला. समोर व्यापारी होता, सगळा गाव होता, आणि ज्यांनी त्याच्या शब्दावर विश्वास टाकला ती जुनी माणसं होती.

“मला पाखरू दिसलं नाही,” तो म्हणाला. “पण तीन वर्षं मी घंटेतला बोळा फेकून देत होतो. माझी साक्ष धरू नका.”

सभेत कुजबुज झाली. कुणी हसलं, कुणी शिवी हासडली. व्यापारी उठून गेला. माळ तूर्त होता तसा ठेवायचा, एवढं सरपंचांनी ठरवलं आणि माणसं घरोघर पांगली. पाण्याची टाकी गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याने बोळा केला नाही. मायाप्पाने केला. मामाने घंटा बोटाने हलवून पाहिली आणि मान डोलावली. कळप माळावर शिरला, मेंढरं पांगली, मायाप्पा शीळसुद्धा न घालता त्यांच्यामागे धावत राहिला. बाभूळ आली तसा त्याचा हात सवयीने घंटेकडे गेला. त्याने बोळा अंगठ्याने आणखी आत दाबला आणि तो पुढे चालू लागला.