साळूचा वाडगा

फार पूर्वी एका वादळात सुगरणींचं झाड घरट्यांसकट कोसळलं. त्यांना नवं घर मिळावं म्हणून रानातल्या प्राण्यांनी आपापल्या वस्तूंचा लिलाव ठरवला. साळू नावाच्या साळिंदराच्या पोरीने स्वतःचाच काटा उपटून त्याने मातीच्या वाडग्यावर पळसाची फुलं रंगवली. मग कुंभार कासवदादांनी त्यावर झिलईचा पांढरा लेप ओतला आणि फुलं दिसेनाशी झाली.

"दादा, माझी फुलं बुडवलीत!" साळू रडत लेप पुसायला धावली.

"पुसशील तर रंगही जाईल. भट्टीवर सोड, पोरी."

साळूचा जीव थाऱ्यावर नव्हता, तरी तिने हात आवरला. भट्टी उघडली तेव्हा लेपाची काच झाली होती आणि आत फुलं दवात भिजल्यासारखी चमकत होती.

लिलावात हत्तीने त्या वाडग्याच्या बदल्यात आपली तळ्याकाठची बाभूळ सुगरणींना देऊन टाकली. पाऊस लागेपर्यंत तिच्यावर घरटी झुलू लागली, आणि साळूने दुसरा वाडगा रंगवायला घेतला.